चक्कर, वाहता कान आणि शस्त्रक्रिया : कानाच्या व तोलाच्या विकारांचे निदान कसे होते?

पहाटे अंथरुणात कूस बदलताच छत गरगर फिरू लागते, पोटात ढवळून येते आणि अर्ध्या मिनिटात सारे पुन्हा स्थिर होते. अशा अनुभवानंतर घरातून बहुधा तीनच कारणे पुढे येतात : पित्त झाले असेल, रक्तदाब वाढला असेल, नाही तर मानेचा मणका झिजला असेल. मानेचा क्ष-किरण फोटो काढला जातो. चाळिशीनंतर त्यात थोडीबहुत झीज दिसतेच. मग मानेला पट्टा आणि चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने चालू राहतात. दुसऱ्या एखाद्या घरात कोणाचा तरी कान लहानपणापासून वाहत असतो. दुखत नाही, म्हणून त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

यांपैकी पहिल्या रुग्णाला शस्त्रक्रिया नको असते, बहुधा गोळीही नको असते. पलंगावर पाच मिनिटांत होणारा एक हस्तोपचार त्याला पुरतो. दुसऱ्याने शस्त्रक्रिया टाळली तर मात्र प्रसंगी ते जिवावर बेतू शकते. कानाच्या आणि तोलाच्या विकारांत उपचाराचा सारा मार्ग अचूक निदानावर अवलंबून असतो तो असा. ‘चक्कर’ हे आजाराचे नाव नव्हे, ते लक्षण आहे. आणि ‘कान वाहतो’ एवढ्यावर निदान पूर्ण होत नाही.

एकाच हाडात दोन इंद्रिये

कानाचे तीन भाग मानले जातात. बाह्यकर्ण पडद्यापाशी संपतो. पडद्याच्या आत हवेने भरलेली लहानशी पोकळी म्हणजे मध्यकर्ण. तेथे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडांची साखळी पडद्याची कंपने आत पोहोचवते. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड असून त्याची उंची जेमतेम तीन मिलिमीटर असते. त्यापलीकडे, कानशिलाच्या अत्यंत कठीण हाडात कोरलेल्या वेटोळ्या पोकळीत आंतरकर्ण वसलेला असतो. त्यातील गोगलगायीच्या शंखासारख्या भागाला कॉक्लिया म्हणतात. ते ऐकण्याचे इंद्रिय. त्याला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या असतात; ते तोलाचे इंद्रिय.

डोके वळले की नलिकांतील द्रव मागे रेंगाळतो आणि त्या सरकण्यावरून मेंदूला वळण्याची दिशा व वेग कळतो. पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. त्यांच्या वजनामुळे खाली-वर आणि पुढे-मागे होणारी हालचाल जाणवते. दोन्ही इंद्रियांत एकाच जातीच्या केसपेशी काम करतात, दोन्हींत एकच द्रव खेळतो आणि दोन्हींच्या नसा एकत्रच मेंदूकडे जातात. बहिरेपणा, कानातील आवाज आणि चक्कर ही लक्षणे अनेकदा हातात हात घालून येतात, त्याचे कारण हेच. कॉक्लियातील केसपेशी प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार असतात. एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाच्या उपचारांत वेळेला एवढे महत्त्व का, हे या एका गोष्टीवरून कळते.

दोष मेंदूत नव्हे, कानात

चक्कर कानातून येऊ शकते ही कल्पना फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा झटक्यांना मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण मानून रुग्णाचे रक्त काढले जाई. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले की चक्कर, कर्णनाद आणि बहिरेपणा एकत्र येणाऱ्या रुग्णांत दोष आंतरकर्णात असतो. पुढे एका विकाराला त्यांचेच नाव मिळाले.

व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले की कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असेल तर रुग्णाला चक्कर येते आणि बुबुळे हेलकावे खातात. पाण्याचे तापमान बदलले की हेलकाव्यांची दिशाही उलटते. यातून प्रत्येक कानाचे तोल-इंद्रिय स्वतंत्रपणे तपासण्याची रीत मिळाली. या कार्यासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. शरीराच्या तापमानाहून सात अंश कमी आणि सात अंश अधिक, म्हणजे ३० व ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्याने केली जाणारी ही चाचणी आजही वापरात आहे.

निदानाची पहिली पायरी : वेळ मोजणे

यंत्रांच्या आधी रुग्णाची हकिगत येते. खरोखर गरगरते की केवळ डोके हलके वाटते, अंधारी येते की चालताना तोल जातो, हे प्रथम वेगळे करावे लागते. त्यानंतरचा महत्त्वाचा प्रश्न असतो, चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने येते.

कूस बदलताना, वर पाहताना किंवा वाकताना येणारी आणि मिनिटाच्या आत ओसरणारी चक्कर बहुधा कानातील कण जागचे सुटल्याने येते. वीस मिनिटांपासून काही तास टिकणारी, सोबत एका कानात दडा बसल्याची भावना, घुमणारा आवाज आणि कमीजास्त होणारी श्रवणक्षमता असणारी चक्कर मेनिएरच्या विकाराकडे बोट दाखवते. अर्धशिशीच्या रुग्णांत डोके न दुखताही चक्करेचे झटके येऊ शकतात. प्रखर उजेड आणि आवाज नकोसा होणे ही त्यातील खूण. अचानक सुरू होऊन दिवस-दोन दिवस अखंड टिकणारी, श्रवण मात्र शाबूत ठेवणारी चक्कर तोलाच्या नसेला सूज आल्याने असू शकते. मात्र अशी अखंड चक्कर लहान मेंदूच्या पक्षाघाताचीही असू शकते, आणि तो फरक तातडीने ओळखावा लागतो.

औषधांची चौकशीही आवश्यक असते. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके आंतरकर्णाला इजा करू शकतात. दोन्ही कानांचे तोल-इंद्रिय अशा रीतीने निकामी झाले तर रुग्णाला गरगरत नाही. चालताना सारे दृश्य हिंदकळते आणि अंधारात पाऊल टाकणे कठीण होते.

पलंगावरची तपासणी

कानाची तपासणी पडद्यापासून सुरू होते. मळ, बुरशी, छिद्र, पडद्यामागील पाणी हे दुर्बिणीतून दिसते. पावसाळ्यातील दमट हवा आणि कानात तेल घालण्याची सवय यांमुळे गोव्यात व कोकणपट्टीत बुरशीचा संसर्ग ओळखीचा आहे. कानाला खाज सुटते, दडा बसतो. त्यावर उपाय म्हणजे कान स्वच्छ व कोरडा करून बुरशीनाशक थेंब घालणे. कोमट तेल आणि काडी यांमुळे तो विकार वाढतोच.

त्यानंतर ५१२ हर्ट्झचा नादकाटा येतो. एकोणिसाव्या शतकातील वेबर आणि रिने यांच्या नावाच्या दोन चाचण्यांतून बहिरेपणा मध्यकर्णातील अडथळ्याचा आहे की आंतरकर्णाच्या नसेचा, हे मिनिटभरात कळते. या विभागणीवरच पुढचे सारे ठरते. अडथळ्याचा बहिरेपणा शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता मोठी असते. नसेच्या बहिरेपणात श्रवणयंत्र आणि, तो तीव्र असल्यास, कॉक्लियर इम्प्लांट हे मार्ग उरतात. ऑडिओमेट्रीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या स्वरांवर ही गोष्ट आलेखाच्या रूपाने नोंदली जाते.

चक्करेच्या तपासणीत डॉक्टर मुख्यतः डोळ्यांकडे पाहतात, कारण तोल-इंद्रियाचा बुबुळांशी थेट संबंध असतो. १९५२ मध्ये लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी वर्णिलेल्या चाचणीत रुग्णाची मान एका बाजूला ४५ अंश वळवून त्याला झटकन पाठीवर असे निजवतात की डोके पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबेल. दोन-चार सेकंदांनी बुबुळे फिरत फिरत हेलकावू लागली आणि मिनिटाच्या आत थांबली, तर निदान झाले. त्यासाठी एमआरआय लागत नाही.

अखंड चक्कर चालू असलेल्या रुग्णात तीन गोष्टी पाहिल्या जातात : डोक्याला झटका दिल्यावर नजर लक्ष्यावर टिकते का, बुबुळांच्या हेलकाव्यांची दिशा नजरेबरोबर बदलते का, आणि दोन्ही डोळे एका पातळीत आहेत का. येथे एक विचित्र वाटणारी गोष्ट आहे. डोक्याच्या झटक्याची चाचणी बिघडलेली आढळली तर दोष बहुधा कानात असतो; चक्कर अखंड चालू असूनही ती अगदी उत्तम आली तर संशय मेंदूकडे जातो. पक्षाघाताच्या पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयही कधी कधी निर्दोष येतो, म्हणून प्रशिक्षित डॉक्टरने केलेली ही तपासणी मोलाची ठरते. व्हिडिओ गॉगल लावून बुबुळांची नोंद घेणारी यंत्रे, व्हीएनजी आणि व्हीएचआयटी, याच निरीक्षणांना अचूक आकडे देतात.

शस्त्राविना बरे होणारे विकार

सुटलेल्या कणांच्या चक्करेवर अमेरिकेतील पोर्टलंड येथील जॉन एपली यांनी सुचवलेला हस्तोपचार आज जगभर वापरला जातो. १९८० च्या सुमारास त्यांनी तो मांडला तेव्हा सहकाऱ्यांचा विश्वास बसला नाही. त्यांचा सविस्तर निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोके आधी दुखऱ्या कानाकडे, मग विरुद्ध बाजूला, मग शरीरासह कुशीवर आणि शेवटी बसते करणे, अशा क्रमाने प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट थांबले की नलिकेत भरकटलेले कण आपल्या पिशवीत परततात. बहुसंख्य रुग्णांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. विकार पुन्हा उद्भवू शकतो. तेव्हा हाच उपाय पुन्हा करता येतो. कोणता कान आणि कोणती नलिका हे ठरल्याशिवाय मात्र हा हस्तोपचार घरच्या घरी करू नये. मानेचे किंवा मानेतील रक्तवाहिन्यांचे दुखणे असलेल्यांनी तर डॉक्टरांना आधी सांगावे.

नसेच्या सुजेत चक्करेच्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उपयोगी पडतात. त्या महिनोन्महिने घेतल्यास तोटाच होतो. एका कानाची हानी झाली की मेंदू दुसरा कान, डोळे आणि पायांची जाणीव यांच्या आधारे नवा तोल शिकतो. गुंगी आणणारी औषधे हे शिकणे लांबवतात. लवकर उठून चालणे, नजर एका बिंदूवर ठेवून डोके हलवणे यांसारखे तोलाचे व्यायाम हेच तेथे खरे औषध असते.

वाहत्या कानाची शस्त्रक्रिया

वाहत्या कानाचे दोन प्रकार ओळखणे फार महत्त्वाचे आहे. पहिल्यात पडद्याच्या मधोमध छिद्र असते. सर्दी-पडशात किंवा आंघोळीचे, नदी-समुद्राचे पाणी गेल्यावर कान भरपूर वाहतो, पण स्राव दुर्गंधी नसतो. औषधाने कान कोरडा करून छिद्र बुजवले की रुग्ण बरा होतो. कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण किंवा कानाच्या कूर्चेचा तुकडा घेऊन नवा पडदा बसवला जातो. टिंपॅनोप्लास्टी नावाच्या या शस्त्रक्रियेचा पाया १९५० च्या दशकात जर्मनीतील वुलस्टाइन आणि त्झॉल्नर यांनी घातला. त्याच काळात शस्त्रक्रियेसाठीचे सूक्ष्मदर्शक प्रचारात आले आणि कानाच्या शस्त्रक्रियेचे रूप पालटले.

दुसऱ्या प्रकारात त्वचा चुकीच्या जागी, मध्यकर्णात आणि कानामागच्या हाडात शिरून पिशवीसारखी वाढत जाते. तिला कोलेस्टिएटोमा म्हणतात. लोकभाषेत ‘कानाचे हाड सडले’ म्हणतात ते बहुधा हेच. स्राव थोडा पण कुजका वास येणारा असतो, वेदना जवळजवळ नसते. ही गाठ कर्करोगाची नसली तरी ती हाड खाते. आधी ऐरण-रिकिबीची साखळी तुटते, मग चेहऱ्याच्या नसेवरील हाडाचे आवरण जाऊन तोंड वाकडे होऊ शकते. आडव्या नलिकेला भोक पडले तर कानावर दाब देताच चक्कर येते, आणि छताचे हाड गेले तर मेंदूज्वर किंवा मेंदूत पू होण्याचा धोका असतो. थेंब आणि गोळ्या येथे तात्पुरत्या. गाठ समूळ काढणे, म्हणजे मॅस्टॉइडची शस्त्रक्रिया, हाच उपाय आहे.

या शस्त्रक्रियेत उद्दिष्टांचा क्रम ठरलेला असतो : आधी कान सुरक्षित आणि कोरडा, त्यानंतर श्रवण. हा क्रम रुग्णाला आधी समजला नाही तर ‘ऑपरेशन झाले, पण ऐकू येत नाही’ अशी निराशा पदरी येते. गाठीचा कण मागे राहू शकतो, म्हणून काही वर्षे तपासणी, एमआरआय किंवा दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला आज एंडोस्कोपही वापरला जातो. आडोशाचे कोपरे त्यातून नीट दिसतात.

गोठलेली रिकीब

पडदा अगदी निरोगी, तरीही तरुण वयापासून हळूहळू ऐकू कमी येते, असे चित्र ओटोस्क्लेरोसिसमध्ये दिसते. रिकिबीच्या पायथ्याशी नवे हाड वाढून ती जागच्या जागी जखडते. हा विकार स्त्रियांत अधिक आणि अनेकदा घराण्यात चालत आलेला आढळतो. १९५६ मध्ये अमेरिकेतील जॉन शे यांनी जखडलेली रिकीब काढून कृत्रिम रिकीब बसवली. आज पायथ्याला सुईच्या अग्राएवढे छिद्र पाडून त्यात अर्धा मिलिमीटरभर जाडीचा पिस्टन बसवतात. अनुभवी हातांत यश उत्तम मिळते, तरी थोड्या रुग्णांत त्या कानाचे श्रवण कायमचे जाऊ शकते. म्हणून आधी अधिक बाधित कानावरच शस्त्रक्रिया करतात. श्रवणयंत्र हा पर्यायही तितकाच मान्य आहे. रुग्णाला दोन्ही मार्ग सांगितले गेले पाहिजेत.

तोलासाठी शस्त्रक्रिया

मेनिएरच्या विकारात बहुतेक रुग्ण कमी मीठ, औषधे आणि धीर यांवर निभावतात. तेवढ्याने न भागल्यास पडद्यातून मध्यकर्णात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात; त्यानेही न थांबल्यास जेंटामायसिन. जे औषध एरवी कानाला अपाय करते, त्याच्याच मोजक्या मात्रेने बिघडलेले तोल-इंद्रिय मुद्दाम मंद केले जाते. आंतरद्रवाच्या पिशवीवर पहिली शस्त्रक्रिया फ्रान्सच्या जॉर्ज पोर्टमन यांनी १९२० च्या दशकात केली. तिच्या परिणामांविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. क्वचित तोलाची नस कापावी लागते, किंवा श्रवण आधीच गेलेले असल्यास संपूर्ण तोल-इंद्रिय काढावे लागते.

तोलाची शस्त्रक्रिया बहुधा इंद्रिय दुरुस्त करत नाही, ते बंद करते. मेंदू कायमच्या शांत झालेल्या कानाशी जुळवून घेऊ शकतो. रोज वेगळे सांगणाऱ्या कानाशी जुळवून घेऊ शकत नाही. म्हणूनच दुसरा कान निरोगी आहे याची खात्री झाल्याशिवाय असे पाऊल उचलले जात नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरचे तोलाचे व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो.

याला अपवाद आहे वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेचे छत विरण्याचा विकार. अमेरिकेतील लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये तो वर्णिला. रुग्णाला स्वतःची बुबुळे हलल्याचा आवाज ऐकू येतो, मोठ्या आवाजाने चक्कर येते. सीटी स्कॅनवर छिद्र दिसते आणि त्रास फार असल्यास ते बुजवता येते.

एकाच कानाने ऐकू कमी येणे किंवा एकाच कानात सतत आवाज असणे यांचा अर्थ वेगळा लावावा लागतो. श्रवण-तोलाच्या नसेवर साधी गाठ असू शकते आणि ती एमआरआयवर दिसते. लहान गाठीवर नुसते लक्ष ठेवणे, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया असे तीन मार्ग असतात. लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस यांनी साठच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली कानामागच्या हाडातून या गाठीपर्यंत जाण्याचा मार्ग घालून दिला आणि चेहऱ्याची नस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली.

जन्मतः बहिरे मूल

नवजात बाळाचे श्रवण ओएई आणि बेरा या न दुखणाऱ्या चाचण्यांनी जन्मानंतर काही दिवसांतच तपासता येते. मेंदूतील भाषेची केंद्रे पहिल्या काही वर्षांत घडतात. त्या काळात ध्वनी पोहोचला नाही तर नंतर बसवलेले यंत्र आवाज देते, भाषा मात्र सहज देत नाही. तीव्र बहिरेपणात श्रवणयंत्राने लाभ न झाल्यास कॉक्लियर इम्प्लांट शक्य तितक्या लवकर, वर्षभराच्या आसपासच, करावे असा आग्रह असतो तो यासाठी. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची, पण त्यानंतरचे वाचा-प्रशिक्षण काही वर्षांचे असते. पालक त्यासाठी तयार नसतील तर यंत्राचा उपयोग अर्धाच राहतो. केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून मुलांच्या या शस्त्रक्रियेला साहाय्य मिळते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या गोवा व सीमाभागातील कुटुंबांना तुलनेने जवळच्या राष्ट्रीय संस्था आहेत. निदानाची पहिली पायरी मात्र बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या नजीकच्या सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागातच चढता येते.

केव्हा थांबू नये

एका कानाचे ऐकू येणे तीन दिवसांच्या आत एकाएकी कमी झाले तर ती तातडीची बाब समजावी. ‘मळ असेल, दडा बसला असेल’ म्हणून आठवडे घालवू नयेत. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका फलदायी, आणि पहिले दोन आठवडे फार मोलाचे असतात. चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, गिळता न येणे, हातापायातील बळ जाणे किंवा आधाराविना उभेही न राहता येणे यांपैकी काहीही असल्यास कानाच्या डॉक्टरांकडे नव्हे, थेट तातडीच्या विभागात जावे. वाहत्या कानासोबत तीव्र डोकेदुखी, ताप, चक्कर किंवा चेहरा वाकडा होणे हीही त्याच दर्जाची खूण होय.

शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास रुग्णाने काही प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्या विकाराचे नेमके नाव काय? शस्त्रक्रिया कशासाठी : कान सुरक्षित करण्यासाठी, ऐकण्यासाठी की चक्कर थांबवण्यासाठी? न केल्यास काय होईल? दुसऱ्या कानाची स्थिती कशी आहे? चेहऱ्याच्या नसेला आणि उरलेल्या श्रवणाला धोका किती? नंतर किती वर्षे तपासणीस यावे लागेल?

या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाली तर शस्त्रक्रियेची भीती बरीच कमी होते. ती मिळत नसतील, तर गोळ्यांची आणखी एक पट्टी घेण्याआधी किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाकडून निदान पुन्हा करून घेणे हेच शहाणपणाचे.